सकाळच्या बोटीतलं ‘आलीस?’

माझा आवाज चांगला आहे हे मला सोळाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. घरी सगळे एवढंच म्हणायचे, “इचिका, हळू बोल, पलीकडच्या बेटावर ऐकू जातंय.” मग शाळेच्या रेडिओ मंडळात मी सहज म्हणून शिरले, मधल्या सुट्टीत एका हरवलेल्या डब्याची घोषणा केली, आणि घोषणा संपायच्या आत डब्याचा मालक दारात उभा. धापा टाकत. तेव्हापासून मला कुणी थांबवू शकलेलं नाही.

जूनमध्ये जिल्ह्याची स्पर्धा होती. सात मिनिटांचा कार्यक्रम, विषय आपला आपण शोधायचा. कुणी समुद्रातल्या प्लास्टिकवर करत होतं, कुणी शाळेच्या भुतावर. मी प्रश्न घेतला: माणसं निवृत्त झाल्यावर परत कामाला का जातात?

“प्रश्न चांगला आहे,” आमच्या बाई म्हणाल्या. “पण कार्यक्रमात उत्तरही लागतं हं.”

“उत्तर आमच्याच घरात राहतं बाई. रोज सकाळी निळी टोपी घालून बाहेर पडतं.”

हे उत्तर म्हणजे माझे आजोबा, कुराहाशी मित्सुरु. आमचं बेट आणि समोरचं गाव यांच्यामध्ये जी फेरीबोट चालते, तिचे ते सारंग होते, पप्पा शाळेत जायला लागायच्या आधीपासून. वर काचेच्या खोलीत पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. बेटावरची पोरं मोठी झाली की सारंग व्हायचं म्हणायची, ते आजोबांकडे बघूनच. ते निवृत्त झाले तेव्हा बोटीच्या मालकीणबाई मोरिवाकी सान यांनी मोठा गुच्छ दिला, खाडीतल्या सगळ्या बोटींनी भोंगे वाजवले, आणि तेव्हा हयात असलेली माझी आजी गुच्छाआड तोंड लपवून रडली.

आणि पुढच्याच महिन्यात आजोबा परत त्याच बोटीवर. पण वर नाही, खाली. खलाशी म्हणून. निळी टोपी, कमरेला तिकिटांची पिशवी. चढाय-उतरायच्या वाटेवरची साखळी काढायची, लावायची, दोर टाकायचा, सायकली आणि गाड्या दाटीवाटीने लावायच्या. वर काचेच्या खोलीत होते ओबाता सान, ज्यांना आजोबांनीच ओरडून ओरडून सुकाणू धरायला शिकवलं होतं.

पप्पांना हे कधीच पटलं नाही. “ज्याला शिकवलं त्याच्या पायाखाली उभं राहायचं? मला बेटावर तोंड दाखवायची सोय नाही राहिली, बाबा.”

“तोंड माझं जातंय तर जाऊ दे,” आजोबा म्हणायचे. “तू तुझं दाखव की. बरं आहे तसं.”

खलाशाचं काम दोन शब्दांचं आहे असं आमच्याकडे म्हणतात. सकाळी बोट बेटावरून सुटताना प्रत्येकाला ‘जाऊन या’ म्हणायचं. संध्याकाळी गावाकडून लोक चढले की ‘आलात?’ म्हणायचं, आणि त्यांनी ‘आलो’ म्हणायचं. बस. फिरायला आलेल्यांना फक्त ‘या, या, सांभाळून’. ‘आलात?’ त्यांना नाही. ते फक्त त्यांना, ज्यांच्या वाट्याचा भात बेटावर शिजतोय. माझी आई पार ओकायामाच्या डोंगरातली. लग्न होऊन आली तेव्हा तेव्हाचे खलाशी तिला कितीतरी महिने ‘या, या’च म्हणत. मग एका संध्याकाळी ती पिशवीत कांद्याच्या पातीची जुडी घेऊन चढली आणि ते म्हणाले, “आलीस?” आई पाती हातात धरून अख्खी खाडी रडत आली. लग्न खरं त्या दिवशी झालं, असं ती अजून सांगते. पप्पा तेव्हा तोंड वाकडं करतात.

तर मी माईक घेऊन फिरायला लागले. संत्री निवडण्याच्या शेडमध्ये फुकुयो आजी भेटल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हात असे चालतात की बघताना माझेच डोळे दमले.

“का काम करता, आजी?”

“घरी बसलं की टीव्हीतला डॉक्टर सांगत असतो मला काय काय झालंय. इथे कुणाला वेळ आहे? हे बघ, डागाचं संत्रं. घे, खा.”

सुपरमार्केटबाहेर ढकलगाड्या गोळा करणारे एक आजोबा पूर्वी बँकेत साहेब होते. ते म्हणाले, “निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, दुपारच्या जेवणाला तुम्ही रोज घरी असणार असाल तर मी बाहेर नोकरी धरते. म्हटलं, तू कशाला त्रास घेतेस?” आणि गाड्यांची लांबलचक माळ ढकलत हसत निघून गेले. अंगावर अजून बँकेतलाच टाय होता.

ही उत्तरं मस्त होती. पण घरचं उत्तर हातात येईना. आजोबांना मी बोटीवर विचारलं, अंगणात विचारलं, न्हाणीघराच्या दाराबाहेरून विचारलं.

“समुद्राची हवा लागते ना, म्हणून.”

“घरी बसलो की तुझी आई झाडताना पाय वर करायला सांगते, म्हणून.”

“टोपी नवीन आहे. वाया कशाला घालवू?”

आमच्या मंडळात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की माणूस पाठ केलेलं बोलतो तेव्हा श्वास वाक्याच्या आधी घेतो. मनातलं बोलतो तेव्हा श्वास मध्येच कुठेतरी लागतो. आजोबा दर वेळी आधी श्वास घ्यायचे, आणि मग बोटीवरच्या त्या गोल, खणखणीत आवाजात उत्तर द्यायचे.

आणि विचारायला वेळही थोडा उरला होता. मार्चअखेर त्यांना उतरवणार होते. वय चौऱ्याहत्तर झालेलं, कंपनीच्या नियमात त्यापुढे डेकवर कुणी नाही, आणि तिकिटांचं यंत्रही येऊन पडलेलं. जेटीवरच्या खोलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभं होतं, पाहुण्यासारखं. आजोबांनी मालकीणबाईंकडे आणखी एक वर्ष मागितलं होतं. ऐकून आम्ही सगळे थक्क झालो. जेवताना मीठसुद्धा न मागणारा माणूस! कमी असलं तर तसंच खातात.

मालकीणबाई म्हणाल्या होत्या, “हिगानचे पितरांचे दिवस होऊ द्या, मग सांगते. तुमच्यासाठी नियम वाकवीन मी, मित्सुरु सान. पण मध्ये काही गडबड झाली तर मला वाकवता येणार नाही. माणसं असतात बोटीवर.”

ते एक वर्ष आजोबांना इतकं का हवं होतं, हे काही ते सांगत नव्हते. पण हवं होतं, हे जेटीवरच्या मांजरालाही दिसत होतं. ते साखळी दोनदा तपासायचे. बूट पुसायचे. बोटीवर रोज नव्याने नोकरीला लागल्यासारखे.

हिगानच्या सुट्टीत आम्ही आजीकडे गेलो. म्हणजे देवळामागच्या टेकडीवर, तिच्या समाधीपाशी. आईने नैवेद्याचे बोतामोची, गोड पुरण लावलेले भाताचे गोळे, केले होते, पप्पांच्या हातात बादली, माझ्या हातात फुलं. आजोबा आले नव्हते. सुट्टीच्या दिवशी बोटीला गर्दी, ते संध्याकाळी एकटे जाणार होते. वर पोचलो तर आजीचा दगड आधीच धुतलेला. ओला. फुलं ताजी. आणि पानावर ठेवलेलं एक हासाकू, आमच्याकडचं ते जाड सालीचं, कडसर संत्रं. सोललेलं. नुसतं सोललेलं नाही, एकेका फोडीवरचं पांढरं कातडंसुद्धा काढलेलं, आतला रस कसा काचेसारखा दिसत होता.

“कुणी केलं हे?” मी म्हणाले.

आईने पप्पांकडे पाहिलं. पप्पा बादली खाली ठेवायला विसरले होते.

“कावळे नेतील,” ते शेवटी म्हणाले, एक फोड उचलून तोंडात टाकली आणि खूप वेळ चावत राहिले. हासाकू काही इतकं चावायला लागत नाही.

मला एक आत्या आहे, चिनात्सु नावाची, हे मला माहीत होतं. जुन्या फोटोत ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली आहे. माझ्या जन्माआधी ती बेट सोडून गेली आणि आली नाही. आजीच्या अंत्यविधीला सुद्धा नाही. नंतर कधीतरी एकटीच येऊन गेली म्हणे, पुलावरून. पूल बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. बस येते, जाते, बसमध्ये कुणी कुणाला काही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची बोट. मी माईक चालू ठेवून डेकवर उभी होते, कार्यक्रमात मागे लावायला इंजिनाचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज हवा होता. आजोबा साखळीशी. “जाऊन ये.” “जाऊन या, सांभाळून.” “जाऊन ये, बुटाची नाडी बांध.” सायकली, दप्तरं, कारखान्यातली माणसं, सगळे त्यांच्यासमोरून एकामागून एक आत येत होते. शेवटी एक बाई आली. करडा कोट, छोटी बॅग, तोंडावर मास्क. मान खाली.

आजोबा म्हणाले, “आलीस?”

गोल आवाजात नाही. श्वास मध्येच कुठेतरी अडकलेला. पण बाकी सगळे गप्प असताना एकटा आवाज जसा ऐकू येतो, तसा अख्ख्या बोटीला ऐकू आला.

बाई थांबली. मग पुढे गेली आणि मागच्या कठड्याशी, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

कुणीतरी फिसकन हसलं. “आजोबा, ती निघालीये! सकाळ आहे!” माझ्या वर्गातल्या एकीने कोपर मारलं. “इचिका, तुझ्या आजोबांचं घड्याळ उलटं चालायला लागलं गं.” मी म्हणाले, “तुझं तर चालतच नाही, म्हणून तर रोज शेवटी चढतेस.” पण माझे कान तापले होते. आजोबा साखळी धरून उभे होते आणि साखळी लावायचीच विसरले होते.

त्या दिवशी बोट का कोण जाणे पोचेचना. ओबाता सानांनी ती पार दीपस्तंभाकडून वळसा घालून नेली, म्हणे प्रवाह वाईट आहे. पाणी तर ताटात वाढल्यासारखं होतं. आम्हा सगळ्यांचा पहिला तास बुडाला. समोरच्या जेटीवर माणसं धावतच उतरली. ती बाई सर्वांत मागे. आजोबांसमोरून जाताना तिने मास्क खाली केला आणि काहीतरी म्हणाली. मी धावत होते, मागे वळून पाहिलं तेवढंच. ओठ हलले. मग ती स्टेशनच्या रस्त्याला लागली, भरभर.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बेटभर झाली होती, आणि प्रत्येक घरातून जाताना जरा जाड होत होती. कुराहाशी म्हातारा जाणाऱ्यांना आलात म्हणतो. कुराहाशी म्हाताऱ्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. टोफूवाल्याकडे तर मी ऐकलं की आजोबांनी बोट उलटी न्यायला सांगितली, म्हणून पोरांना उशीर झाला! मी टोफूवाल्याला म्हणाले, “तुम्ही पण याच की स्पर्धेला. गोष्ट छान रचता.”

जेवताना मालकीणबाईंचा फोन आला. पप्पांनी घेतला. “हो… हो… मी समजू शकतो. उद्या येतो.” फोन ठेवून ते बसले. आईने आजोबांच्या वाटीत पुन्हा सूप वाढलं, न मागता.

“बाबा,” पप्पा म्हणाले, “पुरे आता. लोक चांगलं म्हणतायत तोवर उतरा.”

“लोक कधीपासून चांगलं म्हणायला लागले?”

“मग सांगा तरी का म्हणालात तसं. चुकून तोंडातून गेलं असेल तर तसं सांगा. मालकीणबाई ऐकतील.”

“चुकून नाही गेलं.”

“मग?”

आजोबांनी सूप संपवलं, वाटी उलटी धरून पाहिली, आणि उठून गेले. पप्पांनी कपाळाला हात लावला. आणि मला अचानक ते हासाकू आठवलं. काचेसारख्या फोडी. आणि करडा कोट.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारच्या एका फेरीला बदली खलाशी असतो, तेव्हा आजोबा जेटीवरच्या बाकावर बसतात, तिथे मी गेले. माईक पिशवीत होता, बंद.

“आत्या होती ना?”

त्यांनी खाडीकडे पाहिलं. “डाव्या बाजूला नको बसूस. त्या कानाने ऐकू येत नाही.”

मी उजवीकडे सरकले.

“भांडण झालेलं आदल्या रात्री,” ते म्हणाले. “कशावरून, ते सोड. तिचं बरोबर होतं. सकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, ‘येते.’ मी बूट घालत होतो. मी काहीच म्हणालो नाही. ‘जाऊन ये’ म्हटलं नाही. मग तिला मीच पलीकडे नेलं. मी वर, ती खाली. वरून फक्त भांग दिसतो माणसाचा. सारंगाला सुकाणू सोडता येत नाही. आणि काय केलं मी, माहितीये? बोट वेळेवर नेली.” इथे त्यांना श्वास लागला. “वेळेवर! एवढी मोठी खाडी, आणि मी वेळेवर नेली.”

“मग फोन का नाही केलात कधी?”

“फोनवर ‘आलीस?’ कसं म्हणणार? ती आलेली नसते ना.”

मला हसू पण आलं आणि नाही पण आलं.

“ज्याला ‘जाऊन ये’ म्हटलं नाही, त्याने परत कुठल्या तोंडाने यायचं?” ते म्हणाले. “म्हणून खाली उतरलो. म्हटलं, ज्या दिवशी येईल त्या दिवशी साखळीशी मीच असलो पाहिजे. दुसऱ्या कुणी नुसतं ‘या, या’ म्हटलं तर? पाहुणी समजून?”

“पण ती तर पुलावरून आली.”

“पुलावरून आली,” आजोबा म्हणाले, आणि त्या पुलाचा त्यांना किती राग आहे ते मला तेव्हा कळलं. “आणि निघाली बोटीने. समोर उभी! रोजच्यासारखं ‘जाऊन ये’ म्हणणार होतो. म्हणायला काय, तोंडात तेच होतं. पण म्हटलं, आधी ती आली तर पाहिजे. आलीच नाही तर जाऊन ये कुठून म्हणू? म्हणून आधी ते म्हटलं.”

समोरून बोट निघाली होती. आजोबा उठून उभे राहिले, टोपी नीट केली.

“मग ती काय म्हणाली? उतरताना?”

“तेच तर.” त्यांनी डाव्या कानाला हात लावला. “ती या बाजूने गेली गं. ‘आले’ म्हणाली की ‘येते’ म्हणाली, कळलंच नाही. आता तेवढ्यासाठी एक वर्ष पाहिजे मला. पुन्हा विचारायला.”

मी पिशवीतून माईकचं रेकॉर्डिंग यंत्र काढलं. त्यांना सांगितलं, की त्या दिवशी चालू होतं, मी धावले तेव्हाही पिशवीच्या बाहेर लटकत होतं. ते नको म्हणाले. मग म्हणाले, आण. मी त्यांच्या उजव्या कानाला लावलं आणि माझं डोकं त्यांच्या डोक्याला टेकवून ऐकलं. इंजिन. पक्षी. माझ्या बुटांचा धाडधाड आवाज. बॅगेची चाकं. आणि मग नेमकं तिथे, जिथे तो शब्द असायला हवा होता, खळ्ळ करून साखळी पडली. आजोबांनीच सोडलेली, हातातून.

आम्ही परत लावलं. परत साखळी.

“राहू दे,” ते म्हणाले. “बोट आली.”

घरी आले तेव्हा पप्पा स्वयंपाकघरात नखं कापत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू बोलले. आई ओट्याशी होती, तिलासुद्धा जवळ यावं लागलं. पप्पांनी नेलकटर खाली ठेवलं. शेवटी फक्त म्हणाले, “फोडी चिनात्सु आईसाठी अशाच सोलायची. आईला त्या कातडीने ठसका लागायचा.” आणि नखं कापायचं राहूनच गेलं. एका हाताची तशीच राहिली.

मालकीणबाईंना शनिवारी येतो म्हटलं होतं, पण पप्पा गेले ते सोमवारी सकाळी. जहाज दुरुस्तीच्या कारखान्याचा गणवेश घालून ते शाळेच्या बोटीवर चढले. त्यांचा कारखाना बेटावरच आहे, त्यांना बोटीचं काय काम? आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण रांग थांबवता येत नाही.

“जाऊन ये,” आजोबा म्हणाले.

“येतो,” पप्पा म्हणाले. इतक्या मोठ्याने, की माझा आवाज कुठून आला ते मला कळलं.

समोरच्या जेटीवर बोटीचं ऑफिस आहे, एक खोली, एक किटली, आणि भिंतीवर जुन्या बोटींचे फोटो. मी शाळा बुडवून त्यांच्या मागे गेले. दार उघडंच होतं. तिकिटाच्या खिडकीशी चारपाच माणसं उभी होती, टोफूवाला धरून. पप्पांना ते दिसत होते. पप्पा म्हणजे असा माणूस, की जो शेजाऱ्यांना कळेल म्हणून घरात शिंकसुद्धा दाबतो.

“मालकीणबाई, बाबा चुकले नाहीत,” ते म्हणाले. “माझी बहीण आली होती. चिनात्सु. इतक्या वर्षांनी. बाबांनी तिला आलीस म्हटलं. बरोबर माणसाला, बरोबर शब्द म्हटला.”

खिडकीशी टोफूवाला आपले सुटे पैसे पुन्हा मोजायला लागला.

मालकीणबाईंनी किटलीखालची आच बारीक केली. “चिनात्सु,” त्या म्हणाल्या. “ती माझ्याकडे उन्हाळ्यात तिकिटं फाडायला यायची. सगळी तिरकी फाडायची.”

तेवढ्यात मागून ओबाता सान आले, पांढरी टोपी काखेत. “मी वरून ओळखलं होतं तिला,” ते खाली बघत म्हणाले. “म्हणून तर बोट जरा… फिरवून नेली. म्हटलं, बापलेक आहेत, बोलतील. एक शब्द बोलले नाहीत दोघं! मी आणखी फिरवली असती, पण पोरांनी मला समुद्रात ढकललं असतं.”

“प्रवाह वाईट होता, असं लिहिलंयस तू,” मालकीणबाई म्हणाल्या.

“वाईटच होता,” ओबाता सान म्हणाले.

मालकीणबाईंनी चहा ओतला, पप्पांना दिला, मलाही दिला, आणि शाळेत का नाहीस असं विचारलं नाही. मग म्हणाल्या, “एक वर्ष. पुढच्या मार्चपर्यंत. पण माझी एक अट आहे. कानाचं यंत्र लावायचं. माझ्या बोटीवर बहिरा खलाशी चालणार नाही.”

आता, कानाच्या यंत्राचं नाव काढलं की आजोबा काय करतात हे मला माहीत आहे. आजीने सांगून पाहिलं, पप्पांनी सांगून पाहिलं, डॉक्टरांनी चित्रं काढून पाहिलं. म्हाताऱ्यांची खेळणी, असं म्हणून ते उठून जातात. पप्पांनी घाबरत घाबरतच ही अट त्यांच्या कानावर घातली. उजव्या.

“कुठे मिळतं ते?” आजोबा म्हणाले. “दुकान आज उघडं असेल?”

स्पर्धेत माझा नंबर आला नाही. परीक्षकांनी लिहिलं, आवाज उत्तम, प्रश्नाचं उत्तर मात्र मिळत नाही. आमच्या बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. कार्यक्रमात फुकुयो आजी होत्या, टायवाले आजोबा होते, आणि शेवटी माझे आजोबा म्हणतात, “टोपी नवीन आहे, वाया कशाला घालवू?” लोक हसले त्याला. साखळीचा तो तुकडा मी वापरला नाही. तो माझ्याकडेच आहे. पुढच्या वर्षी मी परत भाग घेणार आहे आणि जिंकणार आहे, तो प्रश्न वेगळा.

तिकिटांच्या यंत्रावरचं प्लास्टिक एप्रिलमध्ये निघालं. टुणकन वाजतं आणि धन्यवाद म्हणतं. आजोबा त्याला मान वाकवून नमस्कार करतात आणि मग स्वतःचं काम करतात. त्यांच्या डाव्या कानात आता बदामाएवढं यंत्र असतं. पहिल्या आठवड्यात त्यांची तक्रार होती की पक्षी फार ओरडतात, आणि आई भांडी घासते की फोडते. आणि एक गोष्ट फक्त माझ्या लक्षात आली. ते आता साखळी सोडत नाहीत. दोन्ही हातांनी खाली नेतात, कडी कडी करून, झोपलेल्या बाळाला ठेवावं तशी, आणि ती जमिनीला लागते तेव्हा काहीसुद्धा वाजत नाही. घाईतली माणसं वैतागतात. “आजोबा, आटपा की!” आजोबा आटपत नाहीत.

काल संध्याकाळी मंडळाची बैठक लांबली, मी शेवटून दुसऱ्या बोटीने आले. गर्दी होती. मी लांबूनच ओरडले, “आले!”

“आलीस?” ते म्हणाले आणि कानावर हात ठेवला. “ऐकू येतंय गं आता. एवढ्या मोठ्याने नको.”

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. ते प्रत्येकाला विचारत होते, आलात, आलास, आलीस, आणि प्रत्येकाचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबत होते. पण बघत होते ते माझ्या खांद्यावरून, रांगेच्या मागे, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याकडे. सगळे चढले. ओबाता सानांनी वरून एकदा भोंगा दिला; दुसरा झाला की बोट सुटते. आजोबांनी साखळी हातात घेतली आणि लावली नाही. रस्ता रिकामा होता, तरी ते अजून थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि वरून दुसरा भोंगा आला नाही.